परक्या हातचं माप

९ सप्टेंबर

ताई,

सॅक आली! काल प्रयोगशाळेतून घरी पोचले तर दाराशी खोकं. हात न धुता, चहा न टाकता तिथेच उंबऱ्यावर बसून उघडलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, पन्नाशीला टेकलेली बाई दारात बसून खोकी फाडते, शेजारी काय म्हणतील. शेजारी खरंच म्हणाले. वरचे वकीलकाका जिन्यात थांबून म्हणाले, "अहो, एका पिशवीला एवढा आनंद?" मी त्यांना किंमत सांगितली नाही. तुला मागेच सांगून बसलेय, त्यामुळे तू आता काय लिहिणार ते मला पाठ आहे.

तरी ऐक. ही बाई एकटी शिवते. हाताखाली कोणी नाही, दुकान नाही, घरामागे एक पत्र्याची शेड आहे तेवढीच. आम्ही सगळे तिला सॅकवाली म्हणतो. गेल्या वर्षी माप द्यायला गेले होते ना, तेव्हाची गंमत तुला सांगायची राहिली. टेप लावायच्या आधी ती एका जुन्या सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरते, ती आपल्या पाठीवर चढवते आणि अंगणात फेऱ्या मारायला लावते. स्वतः मागून चालते, हात पाठीशी बांधून. मला बाजारात उभं केलेल्या घोड्यासारखं वाटत होतं. मग टेप, मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत. आणि मग तिने मला माझ्या पाठीबद्दल एक गोष्ट सांगितली. आजवर कोणी सांगितली नव्हती. ती तुला भेटल्यावर सांगेन, कागदावर नको.

रविवारी नकाशेवालीबरोबर डोंगरावर जाऊन आले. आमच्या खात्यात पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढते ना, तीच, जिने मला या नादाला लावलं. पूर्ण ओझं घेऊन चढले, उतरले, आणि ताई, खांदे दुखले नाहीत! बाजारातल्या सॅकने नंतर दोन दिवस केस बांधायला हात वर होत नसे.

एवढे पैसे घालावेत का एका सॅकसाठी? मी म्हणते घालावेत. तू म्हण काय म्हणायचं ते, पण पत्रात म्हण. फोनवर आपलं भांडण होतं आणि मग मी फोन ठेवते आणि मग तू भावोजींवर चिडतेस.

धाकटी


१५ सप्टेंबर

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

तुझं पत्र दुकानात वाचलं, मशीन थांबवून. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! अगं, त्यात कापड किती, पट्टे किती, बकलं किती, मला कळत नाही का? तेवढ्यात मी तुला, नकाशेवालीला आणि तुमच्या वकीलकाकांना सॅका शिवून दिल्या असत्या. पण पिकतं तिथे विकत नाही. सख्खी बहीण आयुष्यभर शिवते आहे, आणि तू परक्या बाईच्या शेडपुढे वर्षभर हात जोडून उभी!

वाळू भरून चालवते म्हणे. मी नाही बाई कोणाला चालवत. गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हाच मला माप कळतं. टेप मी त्याच्या समाधानासाठी लावते.

आणि ती गोष्ट काय ती लिही. "कागदावर नको" म्हणे. नको होती तर आहे म्हणून तरी कशाला लिहिलंस? माझ्या हातचा पहिला फ्रॉक तुझा. शाळेचे गणवेश मी शिवले, मुलाखतीचा शर्ट मी शिवला, ऑफिसचे कोट मी शिवले. तुझ्या पाठीवर तीळ कुठे आहे ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. आणि ही बाई एकदा तुझ्या मागून चालते काय आणि मला न दिसलेलं तिला दिसतं काय! मला झोप लागणार नाही अशातला भाग नाही, पण लिही.

सॅक उलटी करून आतल्या शिलाईचे फोटो पाठव. छापून पाठव, फोनवर मला दिसत नाही. बाहेरून सगळंच चांगलं दिसतं. शिवणारीचा हात कळतो तो आतून.

तुझे भावोजी म्हणाले, "एवढी महाग आहे म्हणजे चांगलीच असणार." या माणसाला मी लग्नापासून शर्ट शिवून घालतेय.

ताई


२ ऑक्टोबर

ताई,

फोटो पाठवतेय. पट्ट्यांचे काळे आले म्हणून ठेवून घेतले, बाकी सगळे आहेत. तू म्हणण्याआधी मीच म्हणते, शिलाई तुझ्याइतकी सुबक नाही. एके ठिकाणी टीप चांगलीच वाकडी गेलीय. तिला दाखवली तर म्हणाली, "ती वाकडीच आहे, पण सुटणार नाही." मला ते आवडलं.

तिला दाखवली म्हणजे कधी, असं तू विचारशील. गेल्या शनिवार-रविवारी ती आमच्याबरोबर आली होती. सॅक दिल्यावर प्रत्येकाबरोबर एकदा तरी ती चालून येते, ओझं कसं बसतंय ते बघायला. वाटेत दोनदा थांबवून तिने माझा कमरपट्टा सैल केला, परत आवळला. मग तंबूत आम्ही तिघी. ती इतकी विनोदी आहे, ताई! नकाशेवालीची आणि तिची अशी जुंपली की हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. बोलता बोलता माझं घरचं नाव निघालं. आता तीही मला धाकटी म्हणते.

किमतीचं म्हणशील तर मी हिशेब असा करते. ऑफिसातल्या बायका दर वर्षी एक पर्स घेतात आणि वर्षाने तिची चेन तुटते. ही माझ्या मागे राहील. राहिली तर ती तुला.

ती गोष्ट भेटल्यावरच. हट्ट करू नकोस. तुला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही, एवढंच समज.

धाकटी


३० ऑक्टोबर

धाकटे,

सोबतचं खोकं आधी उघड, मग पुढे वाच.

उघडलंस? आता सांग, त्या सॅकवालीचा हात चांगला की माझा?

ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या जिथून येतात तिथून कापड आणलं. दुकानदार म्हणाला, बाई, हे तुमच्या मशीनला झेपायचं नाही. मशीनला झेपलं, सुयांना नाही झेपलं, पण सुया काय, बाजारात मिळतात. प्रत्येक जोडावर दुहेरी शिलाई आहे. एक टीप वाकडी काढून दाखव, मी दुकान बंद करते. आतून पिवळं अस्तर लावलंय, म्हणजे तळाशी पडलेला मोजासुद्धा तुला दिसेल. हे तिला सुचलं होतं का? बाजूच्या खिशांवर झाकणं आहेत. फोटोत तिच्या खिशांना झाकणं दिसली नाहीत, विसरली असेल बिचारी, हसत बसली असेल.

मापासाठी तुला बोलावलं नाही. तुझं माप माझ्या हातात आहे. मी डोळे मिटून तुझं कापड कापेन.

यापायी डॉक्टरीणबाईंचे पडदे राहिले. त्या दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "इतकं काय तातडीचं शिवताय?" मी म्हटलं, "बहिणीचं आहे." त्या आल्या पावली परत गेल्या. बहिणीचं म्हटल्यावर कोणीही वाट बघतं.

आणि एक. तुला धाकटी म्हणायला ती तुझी कोण? मी म्हणते, आई म्हणायची, आता मीच उरलेय म्हणणारी. हे नाव काय पाटीवर लिहून ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायला? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, लपवत नाही.

आता तेवढंच ओझं, तोच डोंगर. एकदा तिची, एकदा माझी. मग बोल.

ताई


१४ नोव्हेंबर

ताई,

सॅक मिळाली. छान आहे. पिवळं अस्तर फार आवडलं, नकाशेवालीलाही आवडलं. डोंगरावर नेऊन आणली.

सध्या प्रयोगशाळेत कामाचा ढीग आहे, पाण्याचे नमुने साचलेत. सवडीने सविस्तर लिहीन. डॉक्टरीणबाईंचे पडदे आधी दे.

धाकटी


२० नोव्हेंबर

धाकटे,

छान!

मावशीने तुला निळ्या मण्यांची माळ दिली होती तेव्हा तू "छान" म्हणाली होतीस, आणि ती माळ मांजराच्या गळ्यात सापडली होती. मला "छान" पाठवतेस?

मी काय नवशिकी आहे? माझ्या तोंडावर लोकांनी कपडे टाकलेत. बाही आखूड, कॉलर मोठी, रंग हा नव्हताच. त्याने मला काही होत नाही, मी उसवते आणि पुन्हा शिवते. पण तू सविस्तर लिहिते म्हणतेस आणि नमुन्यांच्या मागे लपतेस, याने मला होतं. काय झालं? फाटली? चेन अडकली? का ती बाई बरोबर होती आणि माझी सॅक बघून हसली? तिघी तंबूत बसून हसलात का?

दुकानात हात चालत नाही. काल एका बाईंच्या स्कर्टला मी खिसा उलटा लावला. तुझे भावोजी म्हणतात, "विचार ना सरळ." म्हणून सरळ विचारते. खरं काय ते लिही.

ताई


८ डिसेंबर

ताई,

खरं लिहिते. तुला वाईट वाटेल. मलाही वाटलंय, तेव्हा फिटंफाट.

आधी सॅकचं. शिलाईला नाव ठेवायला जागा नाही. पण अर्ध्या डोंगरावर माझे दोन्ही हात बधिर झाले. नकाशेवालीने तिची सॅक मला दिली आणि तुझी स्वतः घेतली, तेव्हा कुठे आम्ही वर पोचलो. मी त्यावर खूप विचार केला. ताई, तू कपडा शिवलास. कपडा खांद्यावरून सोडलेला असतो. तू खांद्यापासून माप धरलंस आणि सगळं ओझं तिथे टांगलंस, जसा तू कोट टांगतेस. सॅक कमरेवर बसावी लागते. हे तुला ठाऊक असायचं कारणच नाही, तू कधी पाठीवर ओझं घेऊन चढली नाहीस. एवढंच असतं तर मी हसत हसत लिहिलं असतं, आणि तूही मला चार शिव्या देऊन दुसरी शिवली असतीस.

पण वर पोचल्यावर मी तुझी सॅक मांडीवर घेऊन खांदे चोळत बसले होते. हात पट्ट्यावरून फिरला. डावा पट्टा उजव्यापेक्षा जाड लागला. आत जास्तीची गादी होती, मानेकडे निमुळती कापलेली, इतकी सफाईने की डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटांना कळते.

सॅकवालीनेही डाव्या पट्ट्यात नेमकं हेच केलंय. म्हणूनच तुला पट्ट्यांचे फोटो पाठवले नव्हते. तिने मला त्या दिवशी अंगणात जे सांगितलं ते हे: "तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, बहुतेक जन्मापासून." मी तुला ते सांगत नव्हते, कारण मला वाटलं, इतकी वर्षं मला शिवणाऱ्या ताईला हे दिसलं नाही म्हणून ताई मनाला लावून घेईल. मी तुला जपत होते!

आणि तुला माहीत होतं.

घरी येऊन कपाट उघडलं. ब्लेड घेतलं. करडा कोट, मुलाखतीचा शर्ट, गेल्या वर्षीचा चौकडीचा, सगळ्यांचे डावे खांदे उसवले. प्रत्येकात कापसाचा एक तुकडा. कोटात तर असा बेमालूम की शोधावा लागला. मी त्या कपड्यांच्या ढिगात बसून राहिले.

मग एकेक आठवायला लागलं. पहिल्या पगारात मी हिरवं जॅकेट घेतलं होतं. आरशात बघितलं तर एका बाजूने लोंबत होतं. मी रडले. तू म्हणालीस, "रेडीमेड असंच असतं, तुला शोभत नाही, आण इकडे." दोन दिवसांनी तेच जॅकेट माझ्या अंगावर असं बसलं! मला वाटलं, ताईच्या हातात जादू आहे. त्यानंतर मी रेडीमेडच्या दुकानाची पायरी चढले नाही. मैत्रिणी चढायच्या, मी बाहेर त्यांच्या पिशव्या धरून उभी राहायचे.

मला एकच सांग. तो कापूस माझ्या खांद्यासाठी होता, की मी दुसरीकडे जाऊ नये म्हणून होता?

त्या बाईने पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं, घड्याळ बघून किती वाजले सांगावं तसं. सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात, ते उगाच नाही.

धाकटी


२७ डिसेंबर

धाकटे,

हो. घातला कापूस. आणि घातला तेच बरं केलं.

तू दहा वर्षांची होतीस. कवायतीच्या बाईंनी तुला रांगेतून बाहेर काढलं, सगळ्यांसमोर. "वाकडी उभी राहतेस, सरळ हो." तू सरळच होतीस. घरी येऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिलीस आणि आईला म्हणालीस, "बघ ना, आहे ना मी सरळ?" आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. मी तेव्हा नुकती मशीनवर बसायला लागले होते. तुझ्या गणवेशाचा खांदा उसवला आणि उशीतला चिमूटभर कापूस घातला. पुढच्या कवायतीला बाई म्हणाल्या, "आता कशी सरळ!" तू घरभर नाचलीस. आता सांग, त्या नाचणाऱ्या पोरीला मी थांबवून सांगायला हवं होतं, की अगं तू नाही सरळ, कापूस आहे?

पुढे सांगायचं राहिलं. मग सांगण्यासारखं उरलं नाही.

आणि तू विचारतेस त्याचं उत्तर. दोन्ही. खांद्यासाठीही होता आणि तू दुसरीकडे जाऊ नयेस म्हणूनही होता. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. तू शिकलीस, मी नाही शिकले. तू नोकरीसाठी गाव सोडलंस, मी दुकानात राहिले. तुझ्या पाण्याच्या परीक्षा, तुझी पुस्तकं, तुझे डोंगर, यातलं मला काय कळतं? तुझ्या सगळ्या पसाऱ्यात माझी जागा होती ती एवढीच, डाव्या खांद्याखाली, बोटभर. तिथे मी होते. तू ऑफिसात साहेबांपुढे उभी राहायचीस तेव्हा मी तिथे होते. आणि ही बाई अंगणात तुझ्या मागून दोन फेऱ्या मारते आणि ती जागा घेऊन जाते, वर त्याचे पैसे घेते, आणि तू तिचे आभार मानतेस!

तिचा मला राग येतो. तिच्या वाकड्या टिपेचा येतो, कारण ती वाकडी असून तुला आवडली. तिच्या विनोदाचा येतो, मला कोणी विनोदी म्हणत नाही. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, शब्द शोधून पाठवू नकोस.

सॅक तेवढी परत पाठव. हात दाखवून अवलक्षण झालंच आहे, ते निदान घरात राहू दे. कापड चांगलं आहे, मशीनवर घालायला झाकण होईल.

ताई


१९ जानेवारी

ताई,

सॅक परत पाठवणार नाही. ती मला दिलेली आहे. तिच्यात मी हिवाळ्याचे कपडे ठेवलेत.

कवायतीच्या बाई मला आठवत नाहीत. नाचलेलं आठवतं. कशासाठी नाचले ते आता कळलं.

गेल्या आठवड्यात मी रेडीमेड शर्ट घेतला. दुकानात जाऊन, आरशात बघून. डावीकडे घडी पडते, बाही अंगठ्यापर्यंत येते. तो तसाच घालून ऑफिसला गेले. दिवसभर वाटत होतं, आता कोणीतरी म्हणेल, सरळ उभी राहा. कोणी काही म्हणालं नाही. नकाशेवाली म्हणाली रंग चांगला आहे. संध्याकाळी घरी आले आणि फार रडले, आणि तुझाच राग आला. इतक्या साध्या गोष्टीपासून मी इतकी वर्षं जपली गेले.

आणि तू लिहितेस, तुझी जागा बोटभर. कोणी दिली तुला बोटभर? डोंगरावर पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा नकाशेवालीला हो म्हणायच्या आधी मी तुला विचारलं होतं, येतेस का. तू म्हणालीस, "दुरून डोंगर साजरे." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा गणवेशांची ऑर्डर होती. तिसऱ्यांदा तू विषयच बदललास, कुठल्याशा अस्तराचा भाव सांगायला लागलीस. मग मी विचारायचं सोडलं. आता मी ज्यांच्याबरोबर जाते त्यांच्यावर जळतेस!

माझा राग अजून गेलेला नाही. गेला की लिहीन.

धाकटी


११ फेब्रुवारी

धाकटे,

तू लिहीपर्यंत थांबायचं असं ठरवलं होतं. नाही जमलं, कारण मध्ये एक झालं आहे ते माझ्याकडूनच तुला कळावं. ती बाई सांगेल त्याआधी.

मी सॅकवालीकडे जाऊन आले.

पत्ता तुझ्याच फोटोत, आतल्या लेबलावर होता. कोण आहे ते सांगितलं नाही. म्हटलं, सॅक शिवायचीय, नाव ऐकून आले. मनात वेगळंच होतं. तिच्या शेडमध्ये बसून तिच्या चुका मोजायच्या आणि तुला सगळ्या कळवायच्या, असं ठरवून गेले होते. आणि चुका आहेत! टेबलावर एक अर्धी झालेली सॅक होती, तिच्या तळाची शिलाई बघून मी पहिल्या पाच मिनिटांत खूश झाले. कापडाचे तुकडे जमिनीवर पडलेले. कात्री बोथट झालेली, धार लावायला नको? पण पट्टा कमरेशी जिथे वळतो तिथे तिने जे केलंय ते बघितलं आणि माझा आनंद मावळला. ते मला सुचलं नसतं. तीन वेळा जन्मले असते तरी सुचलं नसतं. तू बधिर हातांनी वर चढलीस ते मला तिथे कळलं, पत्रात कळलं नव्हतं.

मग तिने चहा दिला आणि समोर बसून विचारलं, "कुठे जाणार?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

म्हणाली, "मी आधी हेच विचारते. बर्फात जाणार, रानात जाणार, एक दिवस, आठ दिवस, त्यावर सॅक ठरते. माप नंतर."

धाकटे, मी मनातल्या मनात मोजलं. घर ते दुकान, दुकान ते घर, महिन्यातून एकदा दोरे आणायला बाजार. याच्यापलीकडे मी कुठे जाते? खोटं बोलायलासुद्धा एखाद्या डोंगराचं नाव यायला हवं. तू सांगितलेली इतकी नावं, आणि मी एकही नीट ऐकलेलं नाही. तू बोलत असायचीस आणि मी तुझ्या कॉलरकडे बघत असायचे, नीट बसलीय की नाही. शेवटी तोंडातून निघालं, "बहिणीला विचारून सांगते."

तिने कप खाली ठेवला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही ताई का?" म्हणाली. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, "गेलं वर्षभर तुमची बहीण माझी प्रत्येक टीप तुमच्या टिपेशी लावून बघते. ताईची अशी नसते, ताईची तशी असते. तंबूत पण तेच. मला एकदा बघायचंच होतं कोण ही ताई." आणि हे म्हणताना तिचं तोंड असं झालं, जसं माझं होतं ना, कोणी दुसऱ्या शिंपिणीची स्तुती केली की, अगदी तस्सं! तिच्या पोटात दुखत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी दुसरा कप चहा घेतला.

तुला धाकटी म्हणू नका, असं तिला सांगायचं होतं. नाही सांगितलं. म्हणू दे.

किमतीचं विचारशील तर जास्त आहे. मी अजूनही म्हणते जास्त आहे, आणि तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "जास्त वाटत असेल तर घेऊ नका." मी तिथेच नाव नोंदवलं. तुझे भावोजी ऐकून खुर्चीतून उठले आणि परत बसले. म्हणाले, "तू? डोंगरावर? कोणाबरोबर?" मी म्हटलं, तेच तर कळायचंय.

नंबर लागायला वर्ष आहे. पण कुठे जाणार ते कळल्याशिवाय ती माझी सॅक शिवायला घेणारच नाही म्हणते, तेव्हा ते लवकर कळवायला हवं. नकाशेवालीला यात विचारू नकोस. तिला नकाशे येतात म्हणून ती सगळ्यांच्या पुढे पुढे करेल, आणि पहिल्या खेपेला मला ते चालणार नाही.

राग गेला की लिहीन, असं तू म्हणालीस. माझी साठी तीन वर्षांवर आलीय, गुडघा आत्ताच कुरकुरतो, तुझा राग जाईपर्यंत मी थांबू शकत नाही. रागातच लिही. शिव्या घालून लिही. पण सांग, कुठे जायचं आपण?

ताई